पाच पेल्यांचा शेजार

वाइनची बाटली उघडली की तिचं आयुष्य मोजकंच उरतं. पहिल्या तासात हवा लागून फळाचा वास फुलतो, दुसऱ्या दिवशी तो उतरायला लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घशात आंबट कड जाणवते. बाटली फ्रीजमध्ये ठेवली तर ही उतरण लांबते, थांबत मात्र नाही. व्हिस्की-रमला ही घाई नसते. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम साधारण ४२.८ टक्के मद्यार्काची. झाकण घट्ट लावून कपाटात ठेवली तर पुढच्या दिवाळीलाही ती जवळजवळ तशीच निघते. वाइनमध्ये मद्यार्क बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास. तेवढ्या बळावर हवेपुढे आणि जंतूंपुढे तिचा निभाव लागत नाही. आज उघडली तर आज-उद्या संपवावी लागते.

या साध्या रासायनिक गोष्टीत मला एका सामाजिक गोष्टीचं मूळ दिसतं. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले बसतात. एका माणसाने पाच पेले पिऊ नयेत. म्हणजे ज्या दुकानदाराने एका गिऱ्हाइकासाठी बाटली उघडली, त्याला आणखी चार पेल्यांची वाट पाहावी लागते. आज संध्याकाळी किंवा उद्या ते चार जण येतील असा भरवसा असेल, तरच त्याला वाइन पेल्याने विकणं परवडतं. हा भरवसा महामार्गावरच्या हॉटेलाला नसतो. तो असतो गल्लीतल्या, रोजच्या पायाखालच्या जागेला, जिथे मालकाला येणाऱ्याचं नाव ठाऊक असतं आणि कोण किती वाजता उठतो हेही ठाऊक असतं. वाइनचा एक पेला मागणारा माणूस नकळत शेजाऱ्यांच्या येण्यावर अवलंबून असतो.

आपल्याकडची ‘क्वार्टर’ याच्या नेमकी उलट आहे. १८० मिलिलिटरची चपटी बाटली, खिशात मावणारी, एकट्याने संपवायची. तिच्यात सुमारे ७७ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या एका पेल्यात तो १९ मिलिलिटरच्या आत राहतो. म्हणजे एक क्वार्टर म्हणजे वाइनचे चार पेले. चार माणसांनी दोन तास बसून जे प्यायचं, ते एक माणूस भिंतीकडे तोंड करून दहा मिनिटांत पोटात घालतो. आपल्या देशात दारूवर जे काही बोललं जातं ते बहुतेक बाटलीविषयी असतं: तिची किंमत, तिच्यावरचा कर, तिच्यावरची बंदी. माणूस कुठे बसून पितो, कोणाबरोबर पितो आणि समोरच्या ताटलीत काय असतं, या प्रश्नांकडे लक्ष जात नाही. माझ्या मते माणसाचं बरंवाईट ठरवण्यात बाटलीइतकाच या तीन गोष्टींचा हात असतो.

महूसारख्या गावात राहून या विषयावर विचार करणं सोपं नाही. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ला मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर इंग्रजांची ही छावणी वसली. तेव्हापासून हे फौजेचं गाव आहे. आज इथे इन्फन्ट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, दूरसंचार अभियांत्रिकीचं लष्करी महाविद्यालय आहे. याच छावणीत काळी पलटण भागात १४ एप्रिल १८९१ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, आणि २००३पासून गावाचं अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. एकीकडे शिस्तीत चालणारी ऑफिसर्स मेस, दुसरीकडे जाळीमागून बाटली देणारा ठेका. या दोन टोकांच्या मध्ये सामान्य माणसाला सभ्यपणे बसता येईल अशी जागा फार थोडी.

तशी एक जागा मला माहीत आहे. मेन स्ट्रीटपासून थोड्या अंतरावर, पाच-सहा टेबलांची, खिडकीला काळी काच न लावलेली. बाहेरून जाणाऱ्याला आतला माणूस दिसतो आणि आतल्याला रस्ता दिसतो. हिवाळ्यात तिथे गराडू मिळतो. हा मालव्यातला कंद आधी उकडून घेतात, त्याचे बोटाएवढे तुकडे कढईत टाकतात आणि कडा लालसर कडक झाल्या की काढून त्यावर लिंबू पिळतात, वरून जीरावन भुरभुरतात. त्या मसाल्यात आमचूर, काळं मीठ, बडीशेप, हिंग यांचा वास एकदम नाकात शिरतो. याच्याबरोबर नाशिकच्या शेनां ब्लांचा थंडगार पेला घेतला, तर वाइनमधली फळाची आंबटगोड चव गराडूच्या पिठूळपणाला धुऊन काढते आणि जीरावनचा तिखटपणा पुढच्या घोटाची वाट मोकळी करतो. घास लहान, घोट लहान. ताटली संपते तेव्हा पेल्यात अजून थोडी उरलेली असते. त्या उरलेल्या घोटात गप्पा चालतात.

शेजारच्या टेबलावर बहुतेक वेळा एक निवृत्त सुभेदार बसलेले असतात. ते पीत नाहीत. लिंबूसोडा घेतात, गराडूची एक ताटली मागवतात आणि ज्याला हवं त्याच्यापुढे ती सरकवतात. “नोकरीत तीस वर्षं बराकीत एकटं जेवलो, आता एकट्याने घास उतरत नाही,” असं एकदा म्हणाले. ते तिथे बसतात म्हणून बाकीचे नीट बसतात. एखाद्याचा आवाज चढायला लागला की ते फक्त त्याच्याकडे पाहतात. ती जागा बार असण्याआधी शेजार आहे, हे त्यांच्यामुळे मला कळलं.

नाशिकची ती वाइन तयार कशी होते याकडेही पाहायला हवं, कारण तिच्यातही मर्यादेची जाणीव आहे. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते, वसंतात जागी होते. आपल्याकडच्या उबेत ती झोपतच नाही. म्हणून आपला शेतकरी वर्षातून दोनदा कात्री चालवतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना फळ छाटणी. मग जानेवारी ते मार्चच्या थंड रात्री आणि ऊन असलेले दिवस यांच्यामध्ये काढणी होते. वेलीला आवरलं नाही तर ती पानांतच आपली ताकद घालवते. नाशिकच्या माणसाला हे अनुभवातून कळलं आहे.

मालव्याला छोटी ताटली शिकवायला लागत नाही. इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो. रात्री दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच ओट्यांवर दहीवडे, भुट्ट्याचा कीस, खोपरापॅटीस, साबुदाण्याची खिचडी, मावाबाटी मांडली जाते आणि मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हटत नाही. आजी, नातवंडं, लग्नाहून परतणारं कुटुंब, परीक्षेचा अभ्यास टाकून आलेली पोरं सगळी एकाच अरुंद रस्त्यावर उभी राहून खातात. कोणी पोटभर जेवायला येत नाही. थोडं हे, थोडं ते. बनारसची सकाळ आणि अवधची संध्याकाळ यांच्याबरोबर मालव्याच्या रात्रीची ख्याती का झाली, हे पठारावरच्या गार वाऱ्यात एकदा सराफ्यात फिरलं की समजतं.

ही ताटलीची परंपरा जुनी आहे. महूहून तास-दीड तासाच्या वाटेवरच्या मांडूत पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुलतान गियासुद्दीन खलजीने एक पाकशास्त्राचं पुस्तक लिहवून घ्यायला सुरुवात केली. ‘निमतनामा’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्याच्या मुलाच्या, नासिरुद्दीनच्या काळात ते पूर्ण झालं, पुढे टिपू सुलतानाच्या ग्रंथसंग्रहात गेलं आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोशांचे कितीतरी प्रकार आहेत, सरबतं आहेत, विडे आहेत, अत्तरं आहेत. बहुतेक चित्रांत भरघोस मिशांचा सुलतान बसलेला, भोवती पदार्थ करणाऱ्या बायका. आणि एवढा खवय्या असलेला हा सुलतान नशेपासून मात्र कटाक्षाने दूर राहिला. त्याच्यासाठी मोठ्या खर्चाने बनवलेल्या एका माजूमात, म्हणजे औषधी पाकात, नशा आणणारं जायफळ घातल्याचं कळताच त्याने तो टाकून द्यायला लावला, अशी आठवण मध्ययुगीन इतिहासकारांनी नोंदवली आहे. आनंद त्याच्यासाठी चवीत, वासात आणि सोबतीत होता.

शंभराहून अधिक वर्षांनी त्याच मांडूत जहांगीर बादशहा राहिला. १६१७मध्ये तो तिथे अनेक महिने होता. इंग्रज राजदूत टॉमस रो त्याच्याबरोबर होता. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच्या पिण्याचा जो हिशेब लिहिला आहे, तो वाचून आजही अंगावर काटा येतो. अठराव्या वर्षी सुरुवात झाली. मग द्राक्षाची दारू अपुरी वाटू लागली. मग दोनदा गाळलेल्या अर्काचे दिवसाला वीस पेले, त्यातले चौदा दिवसा आणि उरलेले रात्री. त्या काळात जेवण म्हणाल तर एक कोंबडी, भाकरी आणि मुळा. हात इतका थरथरायचा की पेला दुसऱ्याला तोंडाशी धरावा लागे. शेवटी हकीम हुमामने स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर सहा महिन्यांत उपाय उरणार नाही. तेव्हा बादशहाने अर्कात वाइन मिसळायला सुरुवात केली, हळूहळू पेले कमी केले आणि सात वर्षांत सहा पेल्यांवर आला.

एकाच शहरात राहिलेल्या या दोन राजांचं मला फार महत्त्व वाटतं. एकाकडे ताटली होती आणि पेला नव्हता. दुसऱ्याकडे पेला इतका वाढला की ताटली जवळजवळ नाहीशी झाली. मांडूतून शिकायचंच असेल तर ताटली आणि पेला यांचं प्रमाण शिकावं.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांना हे प्रमाण कळत होतं. वात्स्यायनाने नागरकाच्या दिनक्रमात एकमेकांच्या घरी भरणाऱ्या पानगोष्ठींचं वर्णन केलं आहे. तिथे मधु, मैरेय, सुरा, आसव यांच्याबरोबर खारट, आंबट, तिखट, कडू चवींचे तोंडी लावायचे पदार्थ, फळं आणि हिरव्या भाज्या असतात. पेय आणि तोंडीलावणं त्याला वेगळं काढताच येत नाही. कौटिल्य तर याहून पुढे जातो. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाची कामं सांगताना त्याने पानगृह कसं असावं याचा तपशील दिला आहे: अनेक खोल्या, वेगवेगळी आसनं, सुगंध, फुलांच्या माळा, पिण्याचं पाणी आणि प्रत्येक ऋतूत सुखाची वाटेल अशी रचना. पानगृहं एकमेकांना चिकटून नसावीत. ज्याचं चारित्र्य माहीत आहे त्यालाच थोडी मात्रा बाहेर न्यायला द्यावी. बाकीच्यांनी तिथेच बसून प्यावं. गिऱ्हाईक नशेत असताना त्याची चीजवस्तू हरवली तर दुकानदाराने भरपाई द्यावी. सणासमारंभाला घरी पेय करायला चार दिवसांची सूट. कौटिल्याला महसूल हवाच होता, आणि गिऱ्हाइकांवर हेरांची नजरही हवी होती. तरीही त्याच्या नियमांत बाटलीइतकीच खोलीची काळजी आहे. यजमानावर जबाबदारी टाकण्याचा विचार दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीत झाला होता.

द्राक्षाची वाइनही इथे परकी नव्हती. कौटिल्य द्राक्षरसापासून केलेल्या मद्याला मधु म्हणतो आणि त्याचं नातं वायव्येच्या प्रदेशांशी जोडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक खलाशी आपल्या ‘पेरिप्लस’मध्ये सांगतो की भडोचच्या बंदरात वाइन उतरते, इटलीची सर्वांत जास्त पसंत पडते आणि त्याखालोखाल लाओदिकेया आणि अरबस्तानची. त्याच ठिकाणी तो उज्जैनचं नाव घेतो. तिथून अकीक आणि तलम कापड भडोचला येतं. मालव्याचा माल खाली जाई आणि त्या बदल्यात समुद्रावरून येणाऱ्या वस्तूंमध्ये ही वाइन होती. आमच्या पठारालगतच्या त्या जुन्या वाटेवर नाशिकची बाटली आज येते, त्यात नवल काही नाही.

एवढ्या कौतुकानंतर ज्याने हा विषय थांबवून विचार करायला लावावा, त्याचीच जन्मभूमी महू आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते, मद्यमांसापासून दूर. त्यांच्या घरात बाबासाहेब वाढले. त्यांच्या आधी जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८०मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवून गेले होते. सरकारला मिळणारा कर आणि गरिबाच्या घरातली भाकरी यांतली निवड त्यांना स्पष्ट दिसत होती. पुढे १९१९मध्ये गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं, गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांनी दारुड्याची बायको सिंधू उभी केली, आणि मराठी मनात पेला आणि सिंधूचं दुःख कायमचे जोडले गेले. ते जोडलेलं राहणंच योग्य आहे. महाराष्ट्राच्या गावोगावी बायकांनी उभी बाटली-आडवी बाटली असं मतदान करून दुकानं बंद पाडली, गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३मध्ये दारूबंदी आली. या बायकांनी मार खाल्ला होता, पगाराचा दिवस उपाशी काढला होता. वाइनच्या पेल्यावर लिहिणाऱ्याने त्यांच्याकडे पाठ फिरवून लिहू नये. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये सांगितलं आहे की मद्याची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही मात्रा नाही. वाइन औषध आहे असा दावा मी करत नाही.

पण याच इतिहासात दुसरा आवाजही आहे. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८मध्ये मादक पेयांवरच्या बंदीचा उल्लेख, जो पुढे कलम ४७मध्ये आला, चर्चेला होता, तेव्हा जयपाल सिंग यांनी आदिवासींच्या वतीने हरकत घेतली. तांदूळ आंबवून केलेलं पेय हे त्यांच्या लोकांच्या धर्मविधीचा आणि शेतीच्या कष्टाचा भाग आहे, हे त्यांनी सांगितलं. अखेर ती गोष्ट सक्तीचा कायदा म्हणून न येता राज्याला दिशा देणाऱ्या तत्त्वांत राहिली. आमच्या भोवतीच्या भिल्ल वस्त्यांत मोहाच्या फुलांची दारू अशीच सण, लग्न आणि देवाशी बांधलेली आहे. जिथे पेयाला वेळ, जागा आणि सोबत ठरलेली असते तिथे ते समाजाच्या हातात असतं. ते एकट्याच्या खिशात गेलं की समाजाच्या हातून सुटतं.

महूसारख्या छावण्यांतही एकेकाळी हा विचार झाला होता. बाबासाहेबांचा जन्म झाला त्या सुमारास हिंदुस्थानातल्या फौजेचा सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स होता. गोऱ्या सोल्जरांच्या दारूबाजीने पलटणी पोखरल्या जात होत्या. रॉबर्ट्सने फौजेतल्या मद्यसंयमाच्या वेगवेगळ्या संस्था एकत्र केल्या आणि जुन्या पद्धतीच्या कॅन्टीनऐवजी पलटणीच्या संस्था उभ्या करण्यावर भर दिला. एका छपराखाली वाचनाची खोली, खेळ, कॉफी, खाणं आणि बिअर. माणसाला नुसतं ‘पिऊ नको’ म्हणण्यापेक्षा संध्याकाळी बसायला चांगली जागा द्यावी, हे एका सेनापतीला उमगलं होतं. ती सोय राज्यकर्त्यांच्या सैनिकांसाठी होती, याची खंत आहेच. त्यामागचा विचार मात्र आपण घ्यावा असा आहे.

आता मध्य प्रदेशात काय चाललं आहे ते पाहा. २०२२-२३च्या धोरणात ज्यांचं वार्षिक उत्पन्न किमान एक कोटी रुपये आहे त्यांना वर्षाला पन्नास हजार रुपये भरून घरी बार ठेवायची परवानगी मिळाली. १ एप्रिल २०२३पासून ठेक्यांना लागून असलेले सगळे अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, बंद झाले. अहाता कळकट होता, बायकांना तिथून जाताना त्रास व्हायचा, तो बंद करण्यामागची चीड खरी होती. पण माणसं प्यायची थांबली नाहीत. ती नाल्याच्या कडेला, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, उभ्या गाडीत प्यायला लागली. तिथे ताटली नाही, पाणी नाही, ‘पुरे आता’ म्हणणारं कोणी नाही. २०२५मध्ये उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा तीर्थस्थानी ठेके बंद झाले, आणि त्याच धोरणात दहा टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर, वाइन आणि तयार पेयं देणाऱ्या वेगळ्या बारची तरतूद आली. स्पिरिट तिथे चालणार नाही. ही दिशा मला बरोबर वाटते. फक्त नाशिकची बहुतेक वाइन बारा टक्क्यांच्या वर असते, म्हणजे ज्या पेयाला शेजाराची सर्वांत जास्त गरज आहे तेच या दाराबाहेर राहतं. ही मर्यादा तेरा-साडेतेरा टक्क्यांवर नेली तर बिघडणार काही नाही. महाराष्ट्रातही १९४९च्या कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि त्या परवान्यातून जी खोली जन्माला आली ती बहुधा अंधारी, पडदे ओढलेली, बायकांना परकी वाटणारी राहिली. लाज वाटेल अशा जागेत माणूस लाज वाटेल असंच वागतो.

चांगल्या खोल्या आहेत, आणि काही तर फार दूरही नाहीत. गोव्याच्या गावातलं तावेर्न पाहावं. एक बाक, एक फळी, मागे फेणीच्या बाटल्या. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या पहिल्या गाळपाचा हलका उर्राक. समोर चणे, तळलेला मासा, कधी चोरीस सॉसेज आणि पाव. संध्याकाळी शेतातून, कारखान्यातून परतणारा माणूस अर्धा तास बसतो, गावातल्या मयतीची, लग्नाची, निवडणुकीची बातमी घेतो आणि घरी जातो. मालकीणबाईला त्याची बायको ओळखते. म्हणून तिसरा पेला मागताना तो जरा थांबतो. फेणीला २००९मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण तिचं रक्षण खरं तर या बाकांनी केलं. व्हिएन्नाच्या टेकड्यांवर १७८४मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने द्राक्ष पिकवणाऱ्यांना स्वतःची वाइन आणि घरचं खाणं आपल्याच अंगणात विकायची मोकळीक दिली. आजही तिथे दाराला पाइनची फांदी टांगली की वाइन चालू आहे असं समजतात, आणि आजोबा-नातू एकाच लाकडी टेबलाशी बसतात.

अशा सगळ्या खोल्यांत काही गोष्टी समान असतात. स्वयंपाक दारूइतकाच महत्त्वाचा असतो. मालक समोर असतो आणि त्याची गावात अब्रू असते. बाहेरचा उजेड आत येतो. बायका येतात आणि त्यांना कोणी डोळे वटारून पाहत नाही. न पिणाऱ्याला तेवढाच मान मिळतो. मात्रा लहान असते. आणि घर चालत जाण्याच्या अंतरावर असतं. हे अंतर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण गाडीची किल्ली हातात असलेल्या माणसाला कोणताही पेला एक पेला जास्तच असतो.

यातली एकही गोष्ट खर्चिक नाही. परवाना देताना ती अट म्हणून घालता येते: स्वयंपाकघर असल्याशिवाय परवाना नाही, काळी काच नाही, जागा मोजकी, पेल्यानेच विक्री, सीलबंद बाटली बाहेर न्यायला मनाई, आणि नशेतल्या गिऱ्हाइकाला आणखी दिलं तर मालक जबाबदार. अशी जागा कुठे उघडावी हे त्या मोहल्ल्यातल्या बायकांना आधी विचारावं आणि त्यांनी नको म्हटलं तर ती उघडू नये. ज्यांनी आडव्या बाटलीला मत दिलं त्यांच्याकडेच उभ्या बाटलीची अट ठरवण्याचा अधिकार असायला हवा. कौटिल्याने हे काम सुराध्यक्षाकडे सोपवलं होतं. लोकशाहीत ते मोहल्ल्याकडे यायला हवं.

माणसाला संध्याकाळी घराबाहेर, कामाबाहेर, थोडा वेळ दुसऱ्या माणसांसमोर बसावंसं वाटतं. ही गरज श्रीमंताच्या घरबारने भागत नाही आणि गरिबाच्या क्वार्टरनेही भागत नाही. दोघेही एकटेच राहतात, एक गालिच्यावर आणि दुसरा नाल्याच्या कडेला. आपण त्यांना बाटली देतो किंवा बाटली काढून घेतो, आणि दोन्ही वेळा खोली द्यायची राहून जाते. महूने ती द्यायला सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. ज्या गावात माणसाच्या माणूसपणासाठी आयुष्य वेचणारा माणूस जन्मला, त्या गावात कोणाही माणसाला अंधारात, एकट्याने, तोंड लपवून प्यावं लागू नये. ज्याला प्यायचं त्याने ताटलीबरोबर, शेजाऱ्यांच्या नजरेसमोर, थोडं प्यावं. ज्याला प्यायचं नाही त्याने त्याच टेबलाशी मानाने बसावं. आणि दोघांनी वेळेवर आपापल्या घरी चालत जावं.